एकोणतीस विरुद्ध चार: खेळाडूला वेसण, मालकाला मोकळं रान

१९५० च्या हंगामासाठी सेंट लुईस ब्राउन्स या अमेरिकन बेसबॉल संघाने एक संमोहनतज्ज्ञ कामाला ठेवला. डेव्हिड ट्रेसी त्याचं नाव. मालकांचं निदान असं, की आपल्या पोरांच्या मनात हरण्याची सवय घर करून बसली आहे आणि ती कोणीतरी उतरवायला हवी. ट्रेसीने खेळाडूंना समोर बसवून आत्मविश्वासाचे धडे दिले. संघ हरतच राहिला, आणि हंगाम रंगात येण्याआधीच ट्रेसीबुवांच्या हातात नारळ पडला.

८ जून १९५० ला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर बॉस्टन रेड सॉक्सने याच ब्राउन्सना २९-४ असं हरवलं.

क्रिकेटवर वाढलेल्या आपल्यासारख्यांना २९ हा आकडा किरकोळ वाटेल. बेसबॉलमध्ये एका संघाला नऊ डाव मिळतात, प्रत्येक डावात तीन बाद. एवढ्यात चार-पाच धावा निघाल्या तर दिवस बरा गेला म्हणायचं. त्यातून रेड सॉक्स यजमान, म्हणजे प्रत्येक डावात नंतर बॅटिंग करणारे, आणि आघाडीवर, त्यामुळे त्यांना नवव्या डावात बॅटिंगला यावंच लागलं नाही. आठ डावांत त्यांचे गडी बाद झाले २४ आणि धावा झाल्या २९. पहिल्या डावात तर भोपळाच होता. मग दुसऱ्यात आठ, तिसऱ्यात पाच, चौथ्यात सात. चौथा डाव संपला तेव्हा फळ्यावर वीस. बॉबी डोअरने तीन होमरन (आपल्याकडच्या षटकारासारखे, थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) मारले आणि एकट्याच्या बॅटवर आठ धावा आणल्या. वॉल्ट ड्रोपोने दोन होमरनसह सात, टेड विल्यम्सने दोन होमरनसह पाच. बॉस्टनचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, होता चक स्टॉब्ज. त्या काळी पिचरलाही बॅटिंग करावी लागे, पण त्याच्याकडून कोणी काही धरून चालत नसे. त्या स्टॉब्जलासुद्धा ब्राउन्सनी चार वेळा भरकटलेले चेंडू टाकून फुकटात पहिल्या बेसवर पाठवलं. मला या सामन्यात होमरनपेक्षा ही चार ‘वॉक’ जास्त बोलकी वाटतात. समोर बॅट धरून पिचर उभा आहे आणि त्यालाही नीट चेंडू टाकता येत नाही, इतकी त्या संघाची दशा झाली होती.

आदल्या दिवशी, ७ जूनला, याच मैदानावर याच दोन संघांत निकाल लागला होता २०-४. दोन दिवसांत ४९ धावा.

असा निकाल लागला की चर्चा ठरलेल्या दोन वाटांनी जाते. एक दयेची: इतकं झाल्यावर सामना थांबवायला हवा होता. दुसरी मर्दुमकीची: व्यावसायिक खेळाडू आहेत, हरतील, शिकतील. दोन्ही वाटा मला मूळ प्रश्नाला वळसा घालून जाताना दिसतात. त्या दिवशीचं बॉस्टनचं बॅटिंग कार्ड बघा. चौथ्या क्रमांकावर व्हर्न स्टीफन्स. सहाव्या क्रमांकावर अल झरिला, ज्याने त्या दिवशी चार डबल, म्हणजे दुसऱ्या बेसपर्यंत पोचवणारे फटके, मारले. हे दोघेही एके काळी ब्राउन्सचे.

१७ नोव्हेंबर १९४७ ला ब्राउन्सनी शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) स्टीफन्स आणि पिचर जॅक क्रेमर यांना रेड सॉक्सच्या हवाली केलं. बदल्यात काही दुय्यम खेळाडू आणि ३,१०,००० डॉलर रोख. दुसऱ्याच दिवशी पिचर एलिस किंडर आणि बिली हिचकॉक गेले. आणखी काही खेळाडू आणि ६५,००० डॉलर आले. १९४९ च्या मे महिन्यात झरिला गेला, पुन्हा एक खेळाडू आणि रोकड घेऊन. स्टीफन्स म्हणजे कोणी ऐरागैरा नव्हे. १९४४ साली ब्राउन्सनी त्यांच्या इतिहासातलं एकमेव लीग विजेतेपद मिळवलं तेव्हा सबंध अमेरिकन लीगमध्ये (बड्या बेसबॉलच्या दोन लीगांपैकी एक) सर्वाधिक, १०९, धावा त्याच्या बॅटवर आल्या होत्या. बॉस्टनला गेल्यावर १९४९ मध्ये त्याने १५९ चा आकडा गाठला. किंडरने त्याच वर्षी २३ सामने जिंकून दिले.

पेरणीसाठी ठेवलेलं बियाणं दळून खाल्लं की पुढल्या हंगामात शेत ओस पडतं, हे कळायला कृषी विद्यापीठात जावं लागत नाही. ब्राउन्स तेच करत होते. हौसेने नव्हे. १९५० मध्ये त्यांच्या मैदानावर सबंध हंगामात अडीच लाखही माणसं आली नाहीत. बॉस्टनला त्याच वर्षी १३ लाखांच्या वर आली. १९३५ मध्ये तर ब्राउन्सच्या घरच्या सगळ्या सामन्यांना मिळून ८०,९२२ प्रेक्षक होते, जेवढे एखाद्या मोठ्या जत्रेला एका दिवसात जमतात. एकाच शहरात, एकाच मैदानावर त्यांचे शेजारी कार्डिनल्स खेळत. मैदान ब्राउन्सच्या मालकीचं, कार्डिनल्स भाडेकरू, आणि गर्दी मात्र भाडेकरूची. पगार द्यायचे तर खेळाडू विकायचा, खेळाडू विकला की संघ हरणार, संघ हरला की माणसं फिरकणार नाहीत, माणसं नाहीत की पुन्हा खेळाडू विकायचा.

इथे मुद्दा येतो ‘रिझर्व्ह क्लॉज’चा. त्या काळी खेळाडूच्या करारात एक कलम असे: करार संपला तरी त्या खेळाडूवरचा हक्क संघाकडेच राहील. म्हणजे खेळाडूला दुसऱ्या संघाकडे जायचं असेल तर त्याच्या हातात काहीच नाही. मालकाने सोडलं तरच सुटका. याचं समर्थन मालक वर्षानुवर्षं एकाच वाक्यात करत आले: खेळाडू मोकळे सोडले तर श्रीमंत संघ सगळे चांगले गडी पळवतील आणि स्पर्धेत राम उरणार नाही. १९२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉलला मक्तेदारीविरोधी कायद्याच्या बाहेर ठेवलं, त्यामुळे या कलमाला कोणी हात लावू शकत नव्हतं. शब्द मोठे गोंडस होते. गरीब संघाचं रक्षण, स्पर्धेतली बरोबरी, खेळाचं हित.

२९-४ हा सामना झाला तेव्हा हे कलम पूर्ण जोमात होतं. तरीही स्टीफन्स, किंडर, झरिला बॉस्टनला पोचलेच. चांगला खेळाडू गरीब संघाकडून श्रीमंत संघाकडे जाणं त्या कलमाने थांबलं नाही; फक्त जाताना मिळणारा पैसा कोणाच्या खिशात पडायचा, तेवढं ठरलं. तो मालकाच्या खिशात पडला. अर्थतज्ज्ञ सायमन रॉटेनबर्ग यांनी १९५६ मध्ये बेसबॉलच्या श्रमबाजारावर एक निबंध लिहिला, त्याचं सार हेच होतं: हक्क खेळाडूकडे असो वा मालकाकडे, खेळाडू शेवटी तिथेच जातो जिथे त्याची किंमत सर्वांत जास्त आहे.

स्टीफन्सचीच एक गोष्ट मला या वादात फार महत्त्वाची वाटते. १९४६ च्या सुरुवातीला मेक्सिकोच्या लीगचा धनाढ्य सूत्रधार होर्हे पास्क्वेल अमेरिकी खेळाडूंना भरघोस पैसे देऊन बोलावत होता. स्टीफन्स गेला. दोनच सामने खेळला आणि परत ब्राउन्सकडे आला. वेळेत परतला म्हणून बचावला. जे तिथेच राहिले त्यांच्यावर बेसबॉलचे प्रमुख, कमिशनर हॅपी चँडलर यांनी पाच वर्षांची बंदी घातली. म्हणजे १९४६ मध्ये स्टीफन्स स्वतः पैशासाठी दुसरीकडे गेला तो खेळाशी द्रोह, आणि १९४७ मध्ये मालकाने त्यालाच पैशासाठी दुसरीकडे पाठवला तो व्यवहार. खेळाडू तोच, कारणही तेच. पावती कोणाच्या नावाने फाटली एवढाच फरक.

बरं, हा रोग ब्राउन्सपुरता नव्हता. त्यांना झोडपणारा रेड सॉक्स संघ स्वतः एके काळी याच रांगेत उभा होता. बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजकडे विकल्याचं जानेवारी १९२० मध्ये जाहीर झालं, ही गोष्ट बेसबॉलबद्दल काहीही माहीत नसलेल्यांनाही माहीत असते. पण रूथ एकटा नव्हता. त्याच्या आगेमागे बॉस्टनचे कितीतरी चांगले गडी न्यूयॉर्कला गेले. संघ तळाला गेला. ७ जुलै १९२३ ला क्लीव्हलँडने रेड सॉक्सना २७-३ असं हरवलं. १९३३ मध्ये टॉम यॉकी नावाच्या श्रीमंत माणसाने हा संघ घेतला आणि मग पारडं फिरलं. आता बॉस्टन विकत घेणारं झालं. गंमत अशी की यॉकींना इतका पैसा ओतूनही जगज्जेतेपद कधी मिळालं नाही. ब्राउन्सना २९-४ ने चिरडलं त्या वर्षीसुद्धा रेड सॉक्स तिसरेच आले.

आणि एकतर्फीपणाचा खरा कळस पाहायचा तर आणखी मागे, १८९९ मध्ये जावं लागतं. क्लीव्हलँड स्पायडर्सचे मालक फ्रँक आणि स्टॅन्ली हे रॉबिसन बंधू. त्यांनी सेंट लुईसचा संघही विकत घेतला. एकाच लीगमध्ये एकाच घरचे दोन संघ, आणि यात कोणाला काही वावगं दिसलं नाही! सेंट लुईसला गर्दी चांगली होते म्हणून त्यांनी क्लीव्हलँडचे सगळे मोहरे तिकडे हलवले. साय यंग, जेसी बर्केट, बॉबी वॉलेस, झाडून सगळे. उरलेल्या स्पायडर्सनी त्या हंगामात २० सामने जिंकले आणि १३४ हरले. लागोपाठ २४ हरण्याचा पराक्रमही त्यांचाच. घरच्या मैदानावर माणूस फिरकेना. सबंध हंगामात ६,०८८ प्रेक्षक. दुसरे संघ क्लीव्हलँडला यायलाच तयार होईनात, कारण तिकिटांतून मिळणाऱ्या वाट्यात प्रवासखर्चही निघत नव्हता. शेवटी घरच्या मैदानावर ४२ आणि परगावी ११२ असा विचित्र हंगाम झाला. अखेरच्या दिवशी तर हॉटेलात सिगार विकणाऱ्या एका तरुणाला पिचर म्हणून उभं केलं. स्पायडर्स १९-३ ने हरले. हंगाम संपल्यावर लीगने चार संघ बंद केले, त्यात क्लीव्हलँड होतं.

या प्रसंगातून जे हाती लागतं ते नीट पाहायला हवं. स्पायडर्सच्या खेळाडूंना कोणी जास्त पगार दिला म्हणून ते गेले नव्हते. मालकाने उचलून दुसऱ्या खिशात टाकले म्हणून गेले. पुढे एकाच घरात दोन संघ ठेवायची ती पद्धत मोडीत निघाली आणि स्पायडर्ससारखा तमाशा पुन्हा झाला नाही. बंधन मालकावर घातलं, तेव्हा गुण आला.

आता सामना थांबवण्याविषयी. आपल्याकडेही असा एक प्रसंग झालेला आहे, आणि तोही त्याच सुमाराचा. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात रणजी सामन्यात महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ वर होते. महाराष्ट्र ४ बाद ८२६. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम हाकेच्या अंतरावर असताना काठियावाडच्या कर्णधाराने, राजकोटच्या ठाकूरसाहेबांनी, सामनाच सोडून दिला. काठियावाडची अब्रू वाचली का? आज पाऊणशे वर्षांनी लोकांना त्या संघाबद्दल एवढंच आठवतं की तो निघून गेला. पुरते हरले असते तर बहुधा तेही विसरले गेले असते. ब्राउन्स निदान शेवटचा बाद होईपर्यंत उभे राहिले.

लहान मुलांचं वेगळं. २०१६ मध्ये कल्याणला एका शालेय सामन्यात एका मुलाने १००९ धावा केल्या, त्याच्या शाळेने १४६५. समोरची शाळा ३१ आणि ५२ मध्ये आटोपली. त्या मुलाच्या चिकाटीचं कौतुक आहेच, पण समोरच्या लहानग्यांना दोन दिवस उन्हात का उभं केलं, हा प्रश्न तेव्हा फारसा कोणी विचारला नाही. मुलांच्या बेसबॉलमध्ये दहा धावांचा फरक झाला की सामना संपवण्याची पद्धत आहे ती शहाणपणाचीच. वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमध्येही पाच डावांनंतर १५ आणि सात डावांनंतर १० धावांच्या फरकाचा नियम आहे, कारण तिथे नवख्या देशांचे संघ असतात. पण पगारी लीगमध्ये सामना लवकर संपवणं म्हणजे रुग्णाचा ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडणं. निकालपत्रकावर २९-४ च्या जागी २०-४ दिसेल. संघाची तिजोरी तेवढीच रिकामी.

एक आक्षेप मात्र मी स्वतःच नोंदवतो, कारण तो खरा आहे. एका सामन्याच्या निकालावरून एवढा डोलारा उभारता येत नाही. २२ ऑगस्ट २००७ ला टेक्सास रेंजर्सनी बॉल्टिमोर ओरिओल्सना ३०-३ ने हरवलं. तीन डावांनंतर ओरिओल्स ३-० ने पुढे होते! मग पाच, नऊ, दहा, सहा अशा धावा चार डावांत पडल्या. आणि रेंजर्स कोणी बलाढ्य संघ नव्हता. त्या वर्षी ते आपल्या गटात शेवटचे आले. दोन दुबळ्यांच्या झुंजीत एकाचा दिवस उजाडला, एवढंच. नियमाप्रमाणे शेवटचे तीन डाव टाकणाऱ्या वेस लिटलटनच्या नावावर ‘सेव्ह’ म्हणजे विजय वाचवल्याचं श्रेयही लागलं, सत्तावीस धावांनी जिंकलेल्या सामन्यात. आकडेशास्त्राला विनोदबुद्धी असते ती अशी. तेव्हा ३०-३ हा योगायोग मानायला माझी हरकत नाही. २९-४ मागे मात्र नोव्हेंबर १९४७ च्या पावत्या आहेत, म्हणून तो योगायोगात जमा करता येत नाही. (हे ओरिओल्स म्हणजे कोण? तेच ब्राउन्स. १९५४ पासून ते बॉल्टिमोरला नव्या नावाने खेळू लागले. हा वारसाही त्यांच्याच नशिबी.)

ब्राउन्सना निव्वळ बिचारे ठरवणंही मला पटत नाही. गरीब संघाला वर येण्याचा एक रास्त मार्ग त्या वर्षांत उघडला होता आणि तो त्यांनी आपल्या हाताने बंद केला. जुलै १९४७ मध्ये, बड्या लीगमधली वर्णबंदी मोडणाऱ्या कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सनच्या आगमनानंतर तीनच महिन्यांनी, ब्राउन्सनी हँक थॉम्पसन आणि विलार्ड ब्राउन या दोन कृष्णवर्णीय खेळाडूंना कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघाकडून आणलं. पाच-सहा आठवड्यांतच दोघांना काढून टाकलं. थॉम्पसन पुढे न्यूयॉर्क जायंट्सकडून १९५१ आणि १९५४ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे जगज्जेतेपदाची अंतिम मालिका, खेळला. विलार्ड ब्राउनचं नाव २००६ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या दिग्गजांच्या मानाच्या यादीत, गेलं. ज्या खेळाडूंसाठी बॉस्टनचा पैसा स्पर्धेत उतरणार नव्हता, कारण रेड सॉक्सना १९५९ पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू चालला नाही, तेच खेळाडू ब्राउन्सकडे येऊन गेले. क्लीव्हलँडने लॅरी डोबी आणि सॅचेल पेज या कृष्णवर्णीय खेळाडूंना घेतलं आणि १९४८ मध्ये जगज्जेतेपद मिळवलं. दारिद्र्य खरं होतं, पण करंटेपणा वेगळा मोजावा लागतो.

मग रिझर्व्ह क्लॉज गेल्यावर काय झालं? २३ डिसेंबर १९७५ ला लवाद पीटर साइट्झ यांनी अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन पिचरांच्या बाजूने निकाल दिला आणि खेळाडूंच्या पायातली बेडी गळून पडली. मालकांनी प्रलयाची भविष्यवाणी केली: आता श्रीमंत संघच जिंकत राहणार. १९७८ ते १९८७ या दहा वर्षांत दहा वेगवेगळ्या संघांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. याउलट बेडी शाबूत असताना, १९४७ ते १९६४ या अठरा वर्षांत, अमेरिकन लीगचं विजेतेपद पंधरा वेळा एकट्या यांकीजकडे गेलं. ज्या काळाला मालक बरोबरीचा काळ म्हणत होते तो हा. या दोन ओळी समोरासमोर ठेवल्या की बराचसा वाद मिटायला हवा. मिटत नाही, कारण यात पैसा आहे.

हा जुना हिशेब आज काढायचं कारण असं, की अमेरिकी बेसबॉलमधला मालक आणि खेळाडू संघटनेतला सध्याचा करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो आणि पगारावर कमाल मर्यादा घालण्याची भाषा मालकांच्या गोटातून पुन्हा ऐकू येते आहे. समर्थनाला दाखले हाताशी आहेत. लॉस एंजेलिस डॉजर्सनी शोहेई ओतानीशी १० वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला आणि २०२४, २०२५ अशी लागोपाठ दोन जगज्जेतेपदं घेतली. दुसऱ्या टोकाला शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले. कोलोरॅडो रॉकीज मे २०२५ मध्ये घरच्या मैदानावर २१-० ने हरले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मॅनेजरची नोकरी गेली. सामान्य प्रेक्षकाला वाटतं, बरोबर आहे, पगाराला लगाम घातलाच पाहिजे.

पण डॉजर्सकडे एवढा पैसा येतो कुठून? त्यांच्या स्थानिक प्रक्षेपणाचा करार २५ वर्षांचा आणि आठ अब्ज डॉलरहून मोठा आहे. तो पैसा लॉस एंजेलिसच्या बाजारपेठेचा आहे, आणि तो प्रामुख्याने डॉजर्सकडे राहतो, जरी पडद्यावर दर सामन्यात दोन संघ दिसत असले तरी. संघा-संघांत थोडीफार वाटणी होते, हे खरं. पण मिळालेला वाटा संघ सुधारण्यासाठी वापरायचा हा नियम बऱ्याचदा कागदावरच राहतो. २०१८ मध्ये खेळाडू संघटनेने चार संघांविरुद्ध रीतसर तक्रार केली ती याचसाठी: वाटणीचे पैसे घेता आणि संघावर लावत नाही. अशा परिस्थितीत ओतानीचा पगार कापला तर रॉकीजचा पिचर सुधारणार नाही. कापलेला पैसा डॉजर्सच्या मालकाकडे राहील. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, दुसरं काय!

यावर आपल्याकडचा वाचक म्हणेल, आयपीएलमध्ये सगळ्यांना सारखीच पर्स असते आणि तिथे तर बरं चाललंय. आहे ना. पण तिथे प्रक्षेपणाचा मुख्य करार मंडळ एकत्र विकतं आणि त्यातला मोठा वाटा सगळ्या संघांत जातो. पर्स सारखी आहे ती आधी मिळकत बऱ्याच अंशी सारखी केली म्हणून. अमेरिकन फुटबॉलनेही १९६१ मध्ये आधी दूरचित्रवाणीचा पैसा सगळ्या संघांत सारखा वाटून घ्यायचं ठरवलं. पगाराची मर्यादा तिथे आली ती तीसेक वर्षांनी. बेसबॉलचे मालक मात्र दुसरी पायरी आधी चढायला निघाले आहेत. १९९४ मध्येही त्यांनी हेच केलं. खेळाडूंनी संप पुकारला, तो २३२ दिवस चालला आणि त्या वर्षी वर्ल्ड सिरीज झालीच नाही.

माझं म्हणणं असं: आधी स्थानिक प्रक्षेपणाचा पैसा एकत्र करा, प्रत्येक संघाने खेळाडूंवर किमान किती खर्च करायचा ते ठरवा, आणि त्यानंतर कमाल मर्यादेची गोष्ट काढा. त्या क्रमाने आली तर खेळाडू संघटनेलाही बोलणीला बसावं लागेल. उलट्या क्रमाने आली तर तो रिझर्व्ह क्लॉजच, नवा सदरा घातलेला.

यात नवं काही नाही. ब्राउन्सनीच ही मागणी केली होती. १९५१ मध्ये बिल वेक यांनी हा संघ विकत घेतला. वेक म्हणजे तीन फूट सात इंच उंचीच्या एडी गेडेलला बॅट देऊन मैदानात पाठवणारा, एका सामन्यात प्रेक्षकांच्या हातात ‘हो’ आणि ‘नाही’चे फलक देऊन त्यांनाच डावपेच ठरवायला लावणारा माणूस. लोक त्यांना विदूषक समजत. पण त्यांनी दुसऱ्या मालकांसमोर ठेवलेला एक प्रस्ताव अगदी गंभीर होता: यजमान संघ सामना दूरचित्रवाणीवर दाखवून पैसे मिळवतो, त्यात पाहुण्या संघालाही वाटा द्या, कारण निम्मा खेळ आम्ही करतो. मालकांनी तो झिडकारला. वेक म्हणाले, मग आमचे सामने दाखवू नका. त्यावर बड्या संघांनी ब्राउन्सबरोबरचे, चांगली गर्दी खेचणारे रात्रीचे सामनेच वेळापत्रकातून काढून टाकले.

२७ सप्टेंबर १९५३ ला ब्राउन्स सेंट लुईसमध्ये अखेरचा सामना खेळले. तीन हजारांच्या आसपास माणसं होती. सामना अकराव्या डावापर्यंत लांबला आणि नवे चेंडू संपत आले. अंपायरने बाजूला टाकलेले जुने, घासलेले चेंडू परत मागवले आणि त्यांच्यावरच खेळ पुरा केला. ब्राउन्स २-१ ने हरले. त्या हंगामातली त्यांची ती शंभरावी हार होती.